सात अक्षरे, सात स्वर

परवा एका शिष्येच्या घरी ‘स्क्रॅबल’चा डाव पाहिला. समोरासमोर दोन खेळाडू, प्रत्येकापुढे अक्षरांच्या सात चौकोनी सोंगट्या, आणि २२५ घरांच्या पटावर आडवे-उभे इंग्रजी शब्द जुळवायचे. मुलीने क्यू आणि आय ही दोनच अक्षरे लावून चांगले गुण मिळविले. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, “माहीत नाही सर, पण कोशात आहे!” मला ते रुचले नाही.

अमेरिकेतील वास्तुशिल्पी आल्फ्रेड बट्स यांनी १९३० नंतरच्या मंदीत, नोकरी गेल्यावर, हा खेळ रचला. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरील अक्षरे त्यांनी हाताने मोजली. ई सर्वांत जास्त येते, म्हणून त्याच्या १२ सोंगट्या, गुण एकेकच. क्यू आणि झेड एकेकदाच, गुण १०. एस मात्र चारच ठेवले, नाहीतर अनेकवचने करीतच डाव संपायचा! एकूण सोंगट्या १००, त्यांत दोन कोऱ्या. ‘स्क्रॅबल’ हे नाव १९४८ साली जेम्स ब्रुनो यांनी दिले.

हातातील सातही अक्षरे निराळी असली तर त्यांची मांडणी ५०४० प्रकारांनी होते. गाणाऱ्याला हा आकडा परका नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त सात स्वरांचे हेच ५०४० क्रम सांगितले, आणि कोणताही क्रम कितवा हे काढण्यासाठी ‘खंडमेरु’ दिला. आमचे घर दरबारी गवयांचे. चार स्वरांचे चोवीस पलटे झाल्याखेरीज मला सकाळचा चहा मिळत नसे! पण पलटे म्हणजे गाणे नव्हे, हेही त्याच घरात शिकलो, आणि आज तेच शिकवतो.

म्हणूनच न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांची हकीकत मनात सलते. फ्रेंच बोलता येत नसताना, काही आठवडे शब्दकोश पाठ करून, २०१५ साली ते फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले. २०२४ साली स्पॅनिशमध्येही तोच प्रकार. अर्थावाचून शब्द! मग वाटते, तराण्यातील ‘तनन दिर दिर’चा अर्थ मी तरी वडिलांना कधी विचारला? पण तराण्याला राग सांभाळतो. पटावर नुसता हिशेब. तरीही या गृहस्थांची साधना पाहून मान लवते, हे कबूल केले पाहिजे.

घरी येऊन त्या दोन अक्षरांचा अर्थ पाहिला. शब्द मूळचा चिनी. अर्थ प्राण, प्राणशक्ती. गायकाचे सारे भांडवल ते, आणि मुलीने ते न कळता पटावर ठेवले होते. दुसऱ्या दिवशी शिकवणीत तिला अर्थ सांगितला. ती हसली आणि म्हणाली, “मग सर, आज पलटे नकोत, नुसता षड्ज लावू?”

लावला. दम मात्र पुरला नाही.