ड्रॅगनवर बसलेला राजपुत्र पडद्यावर येतो कसा? सानगडीच्या किल्ल्यावरून समजून घेऊया

टोकदार कान, खांद्यावरून मागे उडणारे लांब केस, अंगावर चांदीचं चिलखत. हा एल्फ राजपुत्र. एल्फ म्हणजे आपल्याकडच्या यक्ष-गंधर्वांच्या जवळ जाणारी, माणसासारखी दिसणारी पण माणूस नसलेली जमात. (टोल्कीनच्या कथांमधला लेगोलाससुद्धा एल्फ राजपुत्रच आहे, पण ड्रॅगनवर मात्र तो कधी बसत नाही.) आता असा एक राजपुत्र भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीच्या किल्ल्यावर उभा आहे असं समजा. तो ड्रॅगनच्या पाठीवर चढतो, पडक्या तटबंदीवरून झेप घेतो आणि खालच्या धानाच्या बांध्यांवरून निघून जातो. सगळा शॉट १० सेकंदांचा.

हे १० सेकंद बनवायला नेमकं काय काय लागतं? कंप्युटरवर ड्रॅगन बनवला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ड्रॅगन बनवणं त्या मानाने सोपं आहे. अवघड आहे ते त्याच्यावर माणूस बसवणं. पाठ आणि माणूस जिथे एकमेकांना टेकतात ती हातभर जागा फसली, तर कितीही भारी ड्रॅगन असला तरी प्रेक्षक हसतो.

फाळक्यांसमोरही हाच प्रश्न होता

कंप्युटर नव्हता तेव्हा लोक काय करत होते? दादासाहेब फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ आला १९१९ मध्ये. बाळकृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं होतं. यमुनेतली झुंज आणि मग नागाच्या फण्यावर उभा राहिलेला कृष्ण. म्हणजे एका महाकाय सरपटणाऱ्या प्राण्यावर स्वार झालेलं राजघराण्यातलं पोर! ड्रॅगनवरच्या राजपुत्राचा आपल्याकडचा जुना अवतार म्हणायला हरकत नाही. या सिनेमाचा बराचसा भाग आजही बघायला मिळतो, जरूर बघा.

फाळके आधी जादूचे प्रयोग करायचे, स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. कॅमेऱ्याकडेही त्यांनी जादूगाराच्या नजरेनेच पाहिलं. त्या काळी हाताशी दोन मुख्य युक्त्या होत्या. कॅमेरा थांबवायचा, समोरची वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर वस्तू क्षणात गायब होते. दुसरी युक्ती, फिल्मचा काही भाग झाकून एक चित्र घ्यायचं, फिल्म मागे गुंडाळायची आणि झाकलेल्या भागावर दुसरं चित्र घ्यायचं. आजचं कंपोझिटिंग म्हणजे तत्त्वतः हीच दुसरी युक्ती. फरक इतकाच की दोन थरांऐवजी आता शंभर थर असतात आणि चूक झाली तर फिल्म वाया जात नाही.

आधी ड्रॅगन

ड्रॅगनचं ३डी मॉडेल म्हणजे आतून पोकळ मूर्ती. त्यात कंप्युटरवरच हाडांचा सांगाडा बसवतात, त्याला रिग म्हणतात. कोणतं हाड फिरलं की कातडीचा कोणता भाग ताणला जाईल हे ठरवून दिलेलं असतं. नंतर ॲनिमेटर त्या हाडांना हालचाल देतो. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे आपल्या १० सेकंदांच्या शॉटला २४० फ्रेम.

हालचाल खरी वाटावी म्हणून ॲनिमेटर खरे प्राणी बघतात. पूर्व विदर्भातल्या वाचकांना त्यासाठी लांब जायला नको. महाराष्ट्रात सारस पक्षी आता भंडारा-गोंदिया पट्ट्यातच टिकून आहे. वजन ६ ते ८ किलो, उंची दीड मीटरच्या वर. तो जागच्या जागी भुर्रकन उडत नाही. पंख मारत थोडं धावतो आणि मग उचलला जातो. मोठ्या प्राण्याचं जडपण त्या धावण्यातच दिसतं. आपल्या ड्रॅगनने तटबंदीवरून सरळ वर उडी घेतली तर तो थर्माकोलचा वाटेल. आधी तो थोडा खाली कोसळला पाहिजे, मग पंखांत हवा भरली पाहिजे, मग वर.

असा प्राणी खरोखर उडू शकेल का? नाही. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. पृथ्वीवर उडालेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक म्हणजे क्वेट्झालकोएटलस, डायनासोरांच्या काळातला. त्याच्या पंखांचा पसारा होता सुमारे १० मीटर आणि अंदाजे वजन २०० ते २५० किलो. हत्तीएवढा ड्रॅगन पाठीवर माणूस घेऊन उडणं भौतिकशास्त्रात बसत नाही. म्हणूनच ॲनिमेटरला वजनाचा आभास जास्त जपावा लागतो.

आता राजपुत्र

इथे खरी कसोटी. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेत ड्रॅगनवर बसणारी नटी प्रत्यक्षात एका यंत्रावर बसलेली असायची. खोगीर आणि पाठीचा थोडासा भाग एवढंच बांधलेलं, खाली हलणारा यांत्रिक पाया. पण तो पाया मनाला येईल तसा हलत नसे. ॲनिमेटरने ड्रॅगनची उड्डाणं आधीच तयार केलेली असत, त्याच आकड्यांवर यंत्र हलायचं. म्हणजे आधी ड्रॅगन उडतो, मग नट त्याच्यावर बसतो. उलट क्रमाने केलं तर अंग एका तालात आणि प्राणी दुसऱ्याच तालात, असं होतं.

हे समजायला शंकरपट आठवा. बैल सुटले की छकड्यावरच्या धुरकऱ्याचं अंग त्याच क्षणी पुढे जात नाही. आधी झटका मागे बसतो, मग कंबर सावरते, मान सगळ्यात शेवटी. ही क्षणभराची दिरंगाई म्हणजेच वजन. नटाने नुसतं स्टुलावर बसून ‘मी हलतोय’ असा अभिनय केला तर ही दिरंगाई येत नाही. शरीर खोटं बोलत नाही, आणि प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता आलं नाही तरी खटकतंच.

‘ड्यून : पार्ट टू’ (२०२४) मध्ये वारसदार राजपुत्र वाळूतल्या राक्षसी अळीवर स्वार होतो. तिथेही अळीच्या पाठीचा तुकडा बांधला, तो हलवला आणि अंगावर खरी वाळू उडवली. ड्यूनच्या पहिल्या भागात त्यांनी आणखी एक शहाणपण केलं होतं: मागे हिरवा पडदा न लावता वाळूच्या रंगाचा लावला. कारण साधं आहे. पडद्याचा रंग परावर्तित होऊन नटाच्या गालावर, चिलखतावर पडतो. हिरवा पडला तर नंतर तो पुसत बसा. वाळूचा पडला तर तो तिथे हवाच होता. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’वाल्यांनी त्याच्याही पुढे जाऊन नटाभोवती एलईडी स्क्रीनची भिंतच उभी केली. आकाश खरंच स्क्रीनवर चालू असतं, त्यामुळे उजेडही त्या आकाशाचाच पडतो.

आणि आपला राजपुत्र एल्फ आहे, हे विसरू नका. कान सिलिकॉनचे लावता येतात, तो प्रश्न नाही. डोकेदुखी केसांची. वाऱ्यावर उडणारे लांब बारीक केस पार्श्वभूमीपासून वेगळे काढणं हे कंपोझिटिंगमधलं सर्वांत चिकट काम. दिग्दर्शकाला विचारून वेणी घालता आली तर पैसे वाचतात!

ही कामं कोण करतं?

नटाच्या कडा फ्रेम-फ्रेमला आखून त्याला वेगळं काढणं म्हणजे रोटो. दोऱ्या, यंत्र, खांब पुसणं म्हणजे पेंट. खरा कॅमेरा कसा फिरला हे शोधून कंप्युटरमधला कॅमेरा तसाच फिरवणं म्हणजे मॅचमूव्ह. जगभरच्या सिनेमांचं हे काम गेली अनेक वर्षं मोठ्या प्रमाणात भारतात होतं. मुंबईत नमित मल्होत्रांनी १९९७ मध्ये प्राइम फोकस सुरू केली. २०१४ मध्ये ती लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडली गेली. तीच आजची डीएनईजी. ‘ड्यून’च्या दोन्ही भागांना व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं, त्यात मुख्य काम याच कंपनीचं होतं.

हे वाचून ‘चला, कोर्सला नाव घालू’ असं वाटत असेल तर थोडं थांबा. या धंद्याची दुसरी बाजूही बघा. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ बनवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनीला फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि त्याच महिन्यात ती दिवाळखोरीत गेली. मुंबई आणि हैदराबादेतही तिचे स्टुडिओ होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर समूह कोसळला तेव्हा भारतातल्या हजारो कलाकारांची नोकरी अचानक गेली. त्यात आता रोटोसारखी सुरुवातीची कामं एआय झपाट्याने शिकतंय. शेतीच्या उत्पन्नातून किंवा कर्ज काढून लाखांची फी भरायची असेल तर नुसत्या ‘१०० टक्के प्लेसमेंट’च्या बोर्डावर जाऊ नका. मागच्या बॅचचे विद्यार्थी आज कुठे काम करतात ते विचारा आणि त्यांची शो-रील बघायला मागा. आणि फी भरण्याआधी पुढचा प्रयोग घरी करून बघा.

सानगडीत हा शॉट करायचा झाला तर

ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. २००२ मध्ये लोकांनी वर्गणी काढून १ लाख युरो जमवले आणि त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला करून घेतला. ‘फ्लो’ हा लॅटव्हियन सिनेमा ब्लेंडरमध्ये बनला आणि २०२५ मध्ये त्याला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा ‘फुकटचं आहे, चालेल का?’ हा प्रश्न आता नको. ८ जीबी रॅमच्या कंप्युटरवर शिकायला सुरुवात होते. रेंडरला मात्र वेळ लागेल, रात्रभर चालू ठेवावं लागेल.

ड्रॅगन पहिल्याच दिवशी बनवायला जाऊ नका. ब्लेंडरवाल्यांचीच ‘सिंटेल’ (२०१०) नावाची छोटी फिल्म आहे, एक मुलगी आणि तिचा ड्रॅगन यांची गोष्ट. तिच्या मूळ फायली मोफत मिळतात. बनवणाऱ्यांचं नाव दिलं की वापरायला परवानगी आहे. त्यातला रिग उघडून बघा, पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

किल्ला कंप्युटरमध्ये आणायला फोटोग्रामेट्री वापरा. तटबंदीच्या एका भागाभोवती फिरत फोनने फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग यायला हवा. ढगाळ दिवस उत्तम, कारण सावल्या दगडांवर छापल्या जात नाहीत. मेशरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातून ३डी तटबंदी बनवून देतं, फक्त त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते नसेल तर साधा व्हिडिओ घ्या आणि ब्लेंडरमध्येच कॅमेरा ट्रॅक करा. त्यासाठी शॉटभर स्थिर दिसणारे किमान ८ ठिपके हवेत. दगडांचे कोपरे चालतील. झाडाची पानं, पाणी, गुरं चालणार नाहीत. फोनचं स्टॅबिलायझेशन बंद करा, एक्स्पोजर लॉक करा. ड्रोन वापरणार असाल तर त्याचे नियम आधी वाचून घ्या.

आणि यंत्राऐवजी? ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब. तिच्यावर जुनी सतरंजी टाकून मित्राला बसवा, दोघांनी दोन बाजूंनी हलवा. समोर मोबाइलवर तुमच्या ड्रॅगनचं ॲनिमेशन चालू ठेवा आणि त्याच तालावर हलवा. मागे हिरवं कापड लावू नका. कॅमेरा खाली ठेवून मोकळं आकाश मागे घ्या, कारण शेवटी राजपुत्राच्या मागे आकाशच येणार आहे. शूटिंगची वेळ किल्ल्याच्या व्हिडिओचीच ठेवा. किल्ला सकाळी ८ ला आणि मित्र दुपारी ३ ला शूट केला तर ऊन एका बाजूचं आणि सावली दुसऱ्या बाजूची होईल, मग कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

एआयला एक ओळ लिहून असा व्हिडिओ मिळत नाही का? मिळतो, आणि पहिल्या नजरेत छानही दिसतो. पण ‘ड्रॅगन हाच ठेव, राजपुत्राचा डावा हात जरा खाली आण, आणि मागे सानगडीचीच भिंत हवी’ असं म्हटलं की प्रत्येक वेळी काहीतरी भलतंच बदलतं. मांडी आणि पाठ जिथे टेकतात ती जागा तर हमखास वितळल्यासारखी दिसते.

शॉट तयार झाला की आवाज बंद करून बघा आणि फक्त तीच जागा बघा. मांडीची सावली खवल्यांवर पडते का? खवले हलले की कपड्याला सुरकुती येते का? नसेल तर रेंडरची रात्र घालवण्याआधी तिथे एक मऊसा काळा थर द्या आणि पुन्हा चालवून पाहा.