मावळचे पाणी आणि खाडीची आम्लता

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते, तुळापूर येथे भीमेस मिळते आणि भीमा-कृष्णेच्या मार्गाने तिचे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते, असे विद्यार्थी भूगोलाच्या पाठात शिकतात. हे खरे आहे, परंतु पूर्ण नाही. लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांत साठविलेले पाणी १९१५ सालापासून मोठ्या नळांवाटे घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात उतरते व तेथून पाताळगंगेस मिळते. आंध्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी १९२२ सालापासून भिवपुरीच्या वीजगृहातून उल्हास नदीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे मावळात पडलेल्या पावसाचा बराच भाग धरमतर व वसई येथील खाड्यांच्या वाटेने अरबी समुद्रास मिळतो. हे पाणी आपल्याबरोबर काय नेते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पाण्याची आम्लता सामू या अंकाने मोजतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. अंक त्याहून कमी झाला की पाणी आम्लधर्मी होते, वाढला की अल्कधर्मी. समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ आहे. औद्योगिक युगापूर्वी तो सुमारे ८.२ होता. हा फरक अल्प वाटेल, परंतु या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट होय. त्यामुळे आम्लतेस कारण होणाऱ्या हायड्रोजन आयनांत सुमारे ३० टक्के वाढ झाली आहे. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत २८० वरून ४२० च्या वर गेले. त्यातील काही वायू समुद्रात विरघळून त्याचे कार्बनिक आम्ल बनते.

परंतु खाडीची आम्लता केवळ हवेवर अवलंबून नसते. ती नदीवरही अवलंबून असते, आणि तेही तीन प्रकारे.

पहिला प्रकार खडकाचा. पावसाच्या पाण्यात हवेतील वायू विरघळल्यामुळे ते मुळातच किंचित आम्लधर्मी असते. त्याचा सामू सुमारे ५.६ भरतो. हे पाणी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिरपते, तेव्हा पाषाणाची हळूहळू झीज होऊन कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटतात आणि आम्लाचे बायकार्बोनेट बनते. बायकार्बोनेटयुक्त पाण्यात थोडे आम्ल मिसळले, तरी सामू सहसा ढळत नाही. जणू पाण्याच्या अंगी ती एक प्रतिकारशक्तीच असते.

दुसरा प्रकार पुराचा. आषाढ-श्रावणात पाणी खडकात न मुरता वेगाने वाहून जाते. असे पाणी क्षारांनी दुबळे असते. ते खाडीत शिरले की तेथील खारे पाणी पातळ होते व त्याची प्रतिकारशक्ती घटते.

तिसरा प्रकार सांडपाण्याचा. मैला, उष्टे-खरकटे व कुजका पाला यांवर सूक्ष्म जंतू जगतात. ते पाण्यातील प्राणवायू वापरतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यामुळे मासे गुदमरतात आणि सामूही उतरतो. उल्हास नदीच्या काठी कल्याण, उल्हासनगर यांसारखी मोठी शहरे आहेत, हे येथे ध्यानी घ्यावे. पूर व सांडपाणी यांनी आधीच दुबळ्या झालेल्या खाडीवर हवेतील वायूचा भार पडला, तर तिचा सामू खुल्या समुद्राहून अधिक झपाट्याने घसरू शकतो.

याचा पहिला आघात शिंपल्यांवर होतो. तिसऱ्या व कालवे यांची कवचे कॅल्शियम कार्बोनेटची असतात. आम्लता वाढली की कवचासाठी लागणारे कार्बोनेट पाण्यात कमी पडते, आणि नुकत्याच जन्मलेल्या जीवांना कवच घडविणे जड जाते. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून शिंपले वेचणाऱ्या स्त्रियांची मिळकत याच कवचांवर अवलंबून आहे.

वर्गात करावयाचा प्रयोग

१. जास्वंदीच्या लाल पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून रंगीत अर्क तयार करावा.

२. एका पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी व दुसऱ्यात तितकेच विहिरीचे पाणी घेऊन दोहोंत सारखा अर्क घालावा. प्रारंभी रंग भिन्न दिसल्यास हरकत नाही.

३. दोन्ही पेल्यांत लिंबाच्या गाळलेल्या रसाचा एकेक थेंब टाकीत जावे व रंग गुलाबी होईपर्यंतचे थेंब मोजावेत.

पावसाचे पाणी थोड्या थेंबांतच गुलाबी होते. विहिरीच्या पाण्यास अधिक थेंब लागतात, कारण खडकातून आलेले बायकार्बोनेट आम्लाला अडवून धरते. पेल्यातील पावसाचे पाणी म्हणजे पुराचे पाणी, असे शिक्षकांनी सांगावे. समुद्र लिंबाच्या रसाइतका आंबट होतो, असा गैरसमज मात्र होऊ देऊ नये. तेथील बदल सूक्ष्म, परंतु दीर्घकालीन असतो.

खडकाची झीज व पावसाचा जोर मनुष्याच्या हाती नाही. नदीत काय सोडावे, हे मात्र त्याच्या हाती आहे. घाटमाथ्यावरील मुलास खाडी दिसत नाही, तरी तिच्याकडे जाणारे पाणी त्याच्या दारावरूनच निघते, एवढे या पाठातून त्याच्या मनावर ठसावे.