सेन्सर बदलण्याआधी : हायब्रिड गाडीचा पिवळा दिवा

डॅशबोर्डवर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, की ‘ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलून टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. धुरात किती ऑक्सिजन उरला हे हा सेन्सर मोजतो आणि त्यावरून इंजिन पेट्रोलचे प्रमाण ठरवते. नाशिकला सातपूरमध्ये जिचा कारखाना आहे, त्या बॉश कंपनीने १९७६ मध्ये हा सेन्सर पहिल्यांदा बाजारात आणला. त्याच्याविषयीचे गैरसमज मात्र अजून टिकून आहेत.

गैरसमज : स्कॅनरने कोड दाखवला, म्हणजे तोच भाग खराब.
वस्तुस्थिती : कोड फक्त लक्षण सांगतो. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. तो उडालेल्या फ्यूजमुळे किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमुळेही येतो. पी०४२० हा कोड तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम कमी पडतेय असे सांगतो. सायलेन्सरच्या नळीतली गळतीही त्यामागे असू शकते.

गैरसमज : हायब्रिडचे इंजिन कमी चालते, म्हणून सेन्सरवर ताण येत नाही.
वस्तुस्थिती : साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय सेन्सर नीट मोजत नाही. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत इंजिन सारखे बंद-चालू होते, नळी थंड होत जाते आणि सेन्सर तापता ठेवण्याचा भार हीटरवर येतो. म्हणून हीटरची तपासणी टाळू नये.

गैरसमज : गाडी उभी करून सेन्सरचे आकडे पाहिले की पुरे.
वस्तुस्थिती : बॅटरी पुरेशी भरली, की उभ्या हायब्रिडचे इंजिन आपोआप बंद होते. इंजिन सतत चालू ठेवण्यासाठी अनेक कंपन्यांनी खास तपासणी मोड दिलेला असतो. त्यातच इंजिन गरम करून आकडे पाहावेत आणि मग रस्त्यावर गाडी चालवून ते पुन्हा तपासावेत.

गैरसमज : पीयूसी मिळाली, म्हणजे सेन्सर ठीक.
वस्तुस्थिती : पीयूसीत उभ्या गाडीचा धूर तपासतात. चढावर, भार पडल्यावर इंजिन काय करते, ते त्यात दिसत नाही.

गैरसमज : कोड पुसला, दिवा गेला, काम झाले.
वस्तुस्थिती : कोडसोबत बिघाडाच्या क्षणी साठवलेली नोंदही पुसली जाते. आधी तिचा फोटो काढून ठेवा.

गॅरेजमध्ये हा क्रम आग्रहाने मागा : १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज व वायर, नळीची गळती, हीटर आणि मग चालत्या गाडीचे आकडे. नारिंगी केबल उच्च विद्युतदाबाच्या असतात. त्यांना प्रशिक्षित माणसाशिवाय कोणीही हात लावू नये. एवढे करूनही दोष सेन्सरकडेच निघाला, तर तो जरूर बदला.