रुग्ण शोधणाऱ्याला बक्षीस की दंड?

साथीच्या काळात शासन जो आकडा प्रसिद्ध करते, तो केवळ माहिती म्हणून कधीच राहत नाही. बाजारपेठ उघडणार की बंद राहणार, लशीच्या कुप्या किती मिळणार, अधिकाऱ्याची पाठ थोपटली जाणार की कानउघाडणी होणार, हे सारे एकदा त्या आकड्यावरून ठरू लागले, की मोजणारा मनुष्य तटस्थ राहू शकत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट नवी नाही. करोनाच्या काळात रुग्णगणनेची व लसीकरणाची जी व्यवस्था आपल्या राज्यात उभी राहिली, तिच्याकडे या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे; कारण पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नसले, तरी ती आली म्हणजे हीच कागदपत्रे बाहेर काढली जाणार आहेत.

निर्बंध शिथिल करण्यासाठी ७ जून २०२१ पासून महाराष्ट्रात पाच स्तरांची पद्धत अमलात आली. चाचण्यांमागे बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आणि प्राणवायूच्या खाटांपैकी पंचवीस टक्क्यांहून कमी व्यापलेल्या, असा जिल्हा पहिल्या स्तरात. बाधितांचे प्रमाण वीस टक्क्यांवर किंवा व्यापलेल्या खाटा पंचाहत्तर टक्क्यांवर, तो पाचव्यात. पद्धत तत्त्वतः योग्यच होती. सबंध राज्याला एकच कुलूप लावण्यापेक्षा ती कितीतरी शहाणपणाची. परंतु प्रमाण म्हणजे अपूर्णांक, आणि अपूर्णांक कमी करण्याचे मार्ग दोन. अंश कमी करणे अवघड, छेद वाढवणे सोपे. आजाऱ्याच्या घरच्यांची व शेजाऱ्यांची चाचणी केली तर बाधित अधिक निघतात. तितक्याच चाचण्या एस.टी. स्थानकावर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या केल्या तर कमी निघतात. जलद प्रतिजन चाचणीतून काही बाधित निसटतात. ती हिशेबात मिसळली की प्रमाण आणखी उतरते. यात कोठेही खोटे लिहावे लागत नाही, हेच तर खरे दुखणे. २५ जूनच्या आदेशाने केवळ आरटी-पीसीआर चाचण्यांवरून प्रमाण काढावे असे ठरले, तेव्हा एक फट बुजली. दुसरी उघडीच राहिली. जो जिल्हा बाधितांचा माग काढून कसून शोध घेईल, त्याच्याच दुकानांच्या फळ्या आधी लागणार! रुग्ण लपवा असे कोणाला सांगण्याचीही गरज नव्हती. न शोधण्यातच व्यापारी, पुढारी आणि कार्यालय या तिघांची सोय होती.

याच्या नेमकी उलट रचना याच देशात एकदा यशस्वी झालेली आहे. १९६२ साली देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा उद्दिष्ट होते टोचण्यांचे. टोचण्यांचा आकडा फुगत गेला. कारण देवी काढणाऱ्याला शाळेतील तीच तीच मुले सहज सापडत, फिरत्या मजुरांच्या पालांतील तान्ही बाळे सापडत नसत. कागदावर उद्दिष्ट गाठले जाई, देवी मात्र जागच्या जागी राहत. १९७३ पासून बिहार, उत्तर प्रदेश आदी राज्यांत घरोघर रुग्णशोधाच्या मोहिमा निघाल्या. जेथे रुग्ण सापडेल तेथे त्याच्या भोवतालच्या सर्वांना लस, हे त्यांचे सूत्र. पहिल्याच फेऱ्यांत नोंदीबाहेरचे हजारो रुग्ण उजेडात आले. आकडा चढला, पण तो चढणे हेच कामाचे गमक मानले गेले. पुढे नवा रुग्ण दाखवणाऱ्यास रोख बक्षीस जाहीर झाले, आणि रुग्ण विरळ होत गेले तशी ही रक्कम एक हजार रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. प्राथमिक शिक्षकाच्या त्या वेळच्या मासिक वेतनाहून ती अधिक होती. दुर्मीळ वस्तूची किंमत वाढते हा बाजारातला साधा नियम. तो रोगाला लावण्याचे धाडस त्या वेळच्या प्रशासनाने दाखवले. मे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही.

लसीकरणाच्या शिबिरांतही किमतीची हीच गोष्ट वेगळ्या वेषात आढळते. कोविशिल्डची कुपी दहा मात्रांची, आणि उघडल्यापासून चार तासांत संपवावयाची. जून २०२१ मध्ये केंद्राने सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. लस वाया गेल्यास राज्याला मिळणाऱ्या वाट्यावर प्रतिकूल परिणाम होईल असे त्यांत स्पष्ट म्हटले होते. लस अपुरी असताना उधळपट्टी नको, हे रास्तच. पण पाड्यावर चौघेच जमले आहेत, बाकीचे लावणीला गेले आहेत, अशा वेळी परिचारिकेने काय करावे? कुपी उघडली तर सहा मात्रा वाया गेल्याची नोंद तिच्या नावावर. न उघडलेली कुपी शीतपेटीतून सुखरूप परत जाते. परत गेलेले ते चौघे मात्र कोणत्याच रकान्यात येत नाहीत. वाया गेलेल्या मात्रेला आपण किंमत लावली, हुकलेल्या माणसाला लावली नाही.

१ मे २०२१ रोजी अठरा ते चव्वेचाळीस वयोगटास लस खुली झाली, ती भ्रमणध्वनीवरून वा संगणकावरून आगाऊ नोंदणी करणाऱ्यांनाच. शासकीय केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा २४ मे रोजी देण्यात आली. मधल्या काळात मुंबई-पुण्याची तरुण मंडळी मोटारी घेऊन खेड्यांतील केंद्रांवर पोहोचत होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मिळेल तेथून जीव वाचवणे हा मनुष्यस्वभावच आहे. परंतु मात्रा त्या केंद्राच्या खात्यावर जमा झाली आणि गाव होते तसेच राहिले. १७ सप्टेंबर २०२१ रोजी देशात एका दिवसात अडीच कोटी मात्रा दिल्या गेल्या. पराक्रम मोठाच. तथापि किती टोचले आणि कोण उरले हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्याकडे मोहिमेचे तोंड वळण्यास ‘हर घर दस्तक’ची, म्हणजे नोव्हेंबरची वाट पाहावी लागली. वास्तविक पल्स पोलिओच्या कार्यकर्त्या हे कित्येक वर्षे करीत आल्या आहेत. ज्या घरातील बालक चुकले त्या दारावर खडूने ‘एक्स’ लिहावयाचा, आणि त्याच दारी पुन्हा जावयाचे. खडूच्या त्या फुलीत सबंध सांख्यिकी सामावलेली आहे.

पुढच्या वेळी निर्बंधांची पातळी सापडलेल्या बाधितांवरून न ठरवता रुग्णालयांतील भरतीवरून ठरवावी. भरती लपवणे कठीण असते, आणि मग शोधणाऱ्या जिल्ह्याला दंड बसत नाही. ही माहिती थोडी उशिरा हाती येते हे खरे. तो उशीर पत्करावा, असे मला वाटते. लसीकरणाचा अहवाल वॉर्डनिहाय, गावनिहाय, राहत्या पत्त्यावरून व्हावा, आणि त्यातला पहिला रकाना उरलेल्यांचा असावा. दुर्गम वस्तीवर चौघांसाठी उघडलेल्या कुपीतील उरलेल्या मात्रा ‘वाया’ या सदरात न घालता त्या चौघांच्या खर्चात धराव्यात.

राहता राहिला प्रश्न शोधणाऱ्यांच्या मोबदल्याचा. खेड्यांतील घरोघरचे बरेचसे काम आशा कार्यकर्त्यांनी केले. १५ जून २०२१ रोजी त्यांना राज्यभर संपावर जावे लागले. तडजोडीत १ जुलैपासून दरमहा एक हजार रुपये मानधनवाढ व पाचशे रुपये करोना भत्ता मान्य झाला. त्याच महिन्यात खासगी रुग्णालयांना एका मात्रेमागे दीडशे रुपयांपर्यंत सेवाआकार घेण्याची परवानगी मिळाली होती. लशीची किंमत त्यात धरलेली नाही, ती वेगळी. म्हणजे वातानुकूलित खोलीत, स्वतःहून चालत आलेल्या चौघांना टोचले की सहाशे रुपये होत. आणि न आलेल्यांच्या दारोदार महिनाभर फिरण्यासाठी वाढवून दिलेला भत्ता पाचशे.