‘आता वय झालं’ म्हणण्याआधी

दिवा–पनवेल मार्गावर तळोजा आणि कळंबोली यांच्या मधे नावडे रोड स्टेशन लागतं. जवळच तळोजा एमआयडीसी, जुनं नावडे गाव आणि गावाला लागून वाढलेली वसाहत. गावातल्या वडीलधाऱ्यांना ओटा आहे, देऊळ आहे, नावानिशी हाक मारणारे शेजारी आहेत. मुलाच्या नोकरीपाठोपाठ सातारा-सांगलीहून किंवा खानदेशातून आलेल्यांच्या वाट्याला मात्र पुष्कळदा खिडकी आणि टीव्ही एवढंच येतं. पण एक वाक्य दोन्हीकडे सारखंच कानावर पडतं. गुडघा दुखला, वय झालं. नाव आठवेना, वय झालं. हाक ऐकू गेली नाही, वय झालं. म्हणणारा मायेनंच म्हणतो. पण त्या वाक्यापाशी चौकशी थांबते, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

कानाचंच बघा. “बाबांना ऐकू येतं हो, पण लक्ष देत नाहीत,” अशी तक्रार घरोघरी असते. उतारवयात ऐकणं कमी होतं ते सहसा वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून. स, श, फ, थ यांसारखे बारीक ध्वनी आधी निसटतात. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. ‘सात’ आणि ‘साठ’ सारखेच वाटतात. म्हणून बाबा म्हणतात, “तुम्ही पुटपुटता.” मग घरचे ओरडतात, आणि ओरडल्यानं शब्द आणखी फाटतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं तर निम्मं काम होतं. बाकीचं श्रवणयंत्र करतं, पण ते कानाची तपासणी करून त्या माणसासाठी जुळवून घेतलेलं हवं. ऑनलाइन मिळणारं स्वस्त यंत्र बरेचदा सगळेच आवाज मोठे करतं, भांड्यांचा खणखणाटसुद्धा. ते नकोसं होऊन कपाटात पडतं, आणि दोष म्हातारपणाच्या माथी जातो.

हा प्रश्न कानापुरता नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सगळ्यांचा एकत्र विचार केला तर श्रवणयंत्रानं बुद्धीच्या ऱ्हासावर फारसा फरक पडलेला दिसला नाही. पण ज्यांना मुळातच जास्त धोका होता त्यांच्यात हा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. ‘यंत्र लावलं की माणूस म्हातारा दिसतो’ या संकोचाची किंमत एवढी मोठी असू शकते.

विसरण्याबद्दलचा गैरसमज दोन टोकांचा आहे. कुणी प्रत्येक विसराळूपणाला अल्झायमर समजून घाबरतं, कुणी खरा आजारही ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतं. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकारानं झालेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीला जोडून जो अभ्यास झाला, त्यात साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं. म्हणजे शंभरातल्या ९२ जणांना तो नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलं तर काळजी नको. चाळीस वर्षं हातानं केलेला चहा कसा करायचा हेच सुचेनासं झालं, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. तिथं सगळ्यात आधी बघायचं असतं ते बरं होण्यासारखं कारण: थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी घरांत ही कमतरता नेहमीची, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत तिची शक्यता वाढते. एका रक्ततपासणीत कळणारी गोष्ट कित्येक घरांत ‘वय झालं’च्या खाली दबून राहते.

आणि मोबाईल? “आईला नाही जमत, मीच करून देतो,” असं म्हणत फोन हातातून काढून घेतला जातो. न जमण्याची कारणं पुष्कळदा फोनमध्येच असतात. उतारवयात बोटांची त्वचा कोरडी होते, पडदा स्पर्श ओळखत नाही, म्हणून बोट दाबून धरलं जातं. फोनला वाटतं, दाबून धरायची खूण केली, आणि भलतंच काही उघडतं. आई घाबरून फोन खाली ठेवते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त जाऊन दाबून धरण्याची वेळ वाढवता येते, अक्षर मोठं करता येतं. कीबोर्डमधून मराठीत बोलून लिहिता येतं. हे दहा मिनिटांचं काम आहे. पुढं शिकवताना मात्र बोट आईचंच असू द्यावं.

दोष वयाचा नसून यंत्राचा असतो, याचं नोव्हेंबरातला हयातीचा दाखला हे चांगलं उदाहरण. शेतात आणि कारखान्यात राबलेल्या बोटांचे ठसे झिजतात, यंत्र ते वाचत नाही, आणि पेन्शनर बँकेत हेलपाटे घालतात. केंद्र सरकारनं ‘जीवन प्रमाण’ २०१४ मध्ये सुरू केलं. नोव्हेंबर २०२१ पासून त्यात चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, अगदी घरच्या फोनवरून. फोन नसेल तर पोस्टमन थोड्या शुल्कात घरी येऊन तो काढून देतो. ८० वर्षांवरील केंद्रीय पेन्शनरांसाठी दाखला देण्याची मुदत १ ऑक्टोबरलाच सुरू होते.

फसवणुकीची भीती खरी आहे. पण त्यासाठी फोन काढून घेण्यापेक्षा दोन गोष्टी पाठ करून घेतलेल्या बऱ्या. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. आणि ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक भारतीय कायद्यात नाही. तरीही पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन.

“सरकारी योजना गरिबांच्या, आपल्याला काय मिळणार,” हेही सर्रास ऐकू येतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, रुग्णालयातल्या उपचारांसाठी कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. त्याचं ‘वय वंदना’ कार्ड आधारवर निघतं. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढं प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. राज्याच्या हद्दीबाहेर आणि शहरी बसला ही सवलत नाही, हेही लक्षात ठेवावं. प्रवासाचंच म्हणाल, तर १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या नवी मुंबई मेट्रोचं पेंधर स्थानक नावड्याच्या जवळच आहे. तिथं लिफ्टनं वर जाऊन, डब्याच्या पातळीतल्या फलाटावरून आत शिरून बेलापूरपर्यंत जाता येतं. लोकलच्या दाराशी थबकणाऱ्या पायांना हा फार मोठा आधार आहे.

सगळ्यात घातक गैरसमज मायेपोटीच येतो: “तुम्ही बसा, आता आराम करा.” बसून स्नायू झिजतात, झिजले की तोल जातो, आणि तोल गेला की माणूस पडतो. अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा भारव्यायाम दिला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. नव्वदीत हे होत असेल, तर सत्तरीत हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं नक्कीच सुरू करता येईल, डॉक्टरांना विचारून. पडल्याचं ओळखणारी घड्याळं आता मिळतात. त्यांचा उपयोग आहेच, पण तो पडल्यानंतरचा.

पडण्याआधीचं काम न्हाणीघरात आहे. ओल्या फरशीवर पाय सरकला की हात आपसूक जातो तो टॉवेलच्या दांड्याकडे. तो दांडा टॉवेलच्या वजनापुरता, दोन बारीक स्क्रूंवर भिंतीत बसवलेला असतो. माणसाचं वजन आलं की प्लास्टरसकट हातात येतो. पक्क्या भिंतीत पोलादी आधारदांडा, कोरडी खरखरीत चटई, पलंगापासून दारापर्यंत रात्रभर मंद दिवा: या तिन्ही गोष्टींसाठी जवळचं हार्डवेअरचं दुकान आणि एक मिस्त्री पुरतो. आज घरी गेल्यावर तो टॉवेलचा दांडा एकदा हातानं हलवून बघा.