वरातीनंतरचा अर्धा तास

लगीनसराईत अणदूर-नळदुर्ग पट्ट्यातल्या घोड्यांना उसंत नसते. सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतची मंगल कार्यालयं भरलेली असतात आणि नवरदेवाचा परण्या मारुतीच्या देवळापर्यंत घोड्यावरूनच निघतो. घोडा टेम्पोतून येतो. वाटेतल्या प्रत्येक वळणाला आणि प्रत्येक ब्रेकला चारही पाय रोवून त्यानं तोल धरलेला असतो. उतरवला की अंगावर झूल, डोक्यावर तुरा, आणि हलगी कडाडली की लगेच डांबरावर नाच. नाचताना पुढचे पाय उचलायचे म्हणजे सगळा भार पुठ्ठ्यावर आणि कमरेवर. त्यात पाठीवर नवरदेव, बऱ्याचदा त्याच्या पुढ्यात एखादं पोरही.

या घोड्याचं अंग मोकळं कसं ठेवतात, हे बघायला मी अणदूरजवळच्या एका वस्तीवर जात असे. तिथं घरात पिढ्यान्‌पिढ्या घोडी आहेत. घरातल्या कर्त्या पुरुषाला सगळे मामा म्हणतात, मीही तेच म्हणत असे. अणदूर हे खंडोबाचं गाव, तेव्हा घोड्याचं अप्रूप इथं कुणाला शिकवावं लागत नाही. चंदी वेळेवर मिळते, खरारा मन लावून होतो. तरीही काम आटोपलेल्या घोड्याचे पाय ताणून मोकळे करणारे लोक थोडेच. घोडा आणला, खुंटीला बांधला, वैरण टाकली आणि माणूस झोपला, असंच बहुतेक ठिकाणी चालतं. पहाटे तोच घोडा आखडलेला दिसतो आणि दोष थंडीला दिला जातो.

मामांच्या गोठ्यात क्रम ठरलेला आहे. वरातीहून आल्यावर घोडा आधी हातात धरून सावकाश फिरवायचा, श्वास खाली बसेपर्यंत. मग खोगीर उतरवून पाठीवरचा घाम पुसायचा. पाय हातात घ्यायचा तो यानंतर, अंग ऊनऊन आहे तोवर. रात्रभर उभ्या राहिलेल्या थंड घोड्याचा पाय सकाळी उठून कधीच ओढायचा नाही. थंड स्नायू ताण सोसत नाही, त्याच्या तंतूंना इजा होऊ शकते.

घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचा पुढचा पाय धडाला हाडाच्या सांध्यानं जोडलेलाच नाही. छातीचा सगळा डोलारा दोन पायांच्या मध्ये निव्वळ स्नायूंच्या झोळीत तोललेला असतो. म्हणून खांदा आखडला की पाऊल आखूड पडतं आणि मान, पाठ त्याच्या मागोमाग धरते. दुसरी गोष्ट, गुडघ्याच्या खाली पायात मांसल स्नायू जवळपास नसतातच, तिथं कंडरा आणि अस्थिबंध असतात. नवखा माणूस नेमका खूर धरून ओढतो. त्यानं ताण खांद्यापर्यंत नीट जात नाही, खालचे सांधे मात्र दुखावतात.

मामा पुढचा पाय कसा घेतात ते मी अगदी जवळ बसून पाहिलं. जमीन सपाट, घसरण नाही. घोडा बांधलेला नाही, मामांचा मुलगा मोहरकी धरून उभा. मामा घोड्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात, पायाच्या समोर कधीच नाही. नाल ठोकताना उचलतात तसा पाय उचलून आधी थोडा वेळ नुसता हातात तोलतात. मग एक हात गुडघ्याच्या मागं, दुसरा खुराच्या वरच्या सांध्यामागं, आणि पाय सरळ पुढं, जमिनीपासून फार वर न नेता. बाजूला अजिबात नाही, कारण घोड्याचे सांधे पुढं-मागं चालायला बनलेत. मामांच्या गुडघ्यांना बाक आणि पाठ ताठ, म्हणजे घोड्याचं वजन आपल्या कमरेवर येत नाही. मग ते थांबतात. काहीच करत नाहीत. दहा-पंधरा श्वासांनी खांद्यावरची कातडी सैलावते आणि पाय आपणहून दोन बोटं पुढं येतो. मी हात लावला तेव्हा त्यांनी दटावलं, "वढू नगा. त्येला देऊ द्या."

या दटावणीमागं शरीरशास्त्र आहे. स्नायूला हिसका बसला की तो स्वतःला वाचवायला उलट आकसतो. हळूहळू आणि स्थिर धरलेला ताणच त्याला सैल सोडतो. शेवटी पाय खाली टाकायचा नाही, खूर जमिनीला टेकेपर्यंत हातात ठेवायचा. मागचा पायही तसाच, पोटाखालून पुढच्या खुराच्या दिशेनं, जमिनीलगत. नंतर थोडा मागं. इथं मामा सगळ्यात जास्त वेळ घेतात, कारण नाचाचा भार या पुठ्ठ्यानं सोसलेला असतो. कान मागं गेले, शेपूट झटकली, श्वास अडला की पाय परत. घोड्यानं जबडा हलवून ओठ चाटले की ते मान डोलवतात.

मानेसाठी हात लावायचीच गरज नाही. गाजर छातीशी धरलं की हनुवटी छातीला लागते, गुडघ्यांमध्ये धरलं की मान खाली वाकते, तंगाजवळ किंवा कुशीजवळ धरलं की सगळी बरगडी वळते. उन्हाळ्यात गाजर नसेल तर लसूणघासाची पेंडी. मात्र घोडा पाय हलवून फसवतो. पाय जागेवर ठेवून वळला तरच उपयोग. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 8 घोड्यांकडून तीन महिने असेच व्यायाम करून घेतले होते. मणक्यांना लगटून असलेले खोलवरचे स्नायू त्यानं जाड झाल्याचं दिसलं. पाठीवर माणूस पेलायला तेच स्नायू लागतात.

पाय ताणण्याचं मात्र जास्त ते चांगलं असं नाही. 2009 साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात आठ आठवडे काही घोड्यांना आठवड्यातून 3 दिवस आणि काहींना 6 दिवस ताण दिले. पाऊल कुणाचंच लांबलं नाही, आणि 6 दिवसवाल्यांच्या काही सांध्यांची हालचाल उलट कमी झाली. हे सांगितल्यावर मामा जरा विचारात पडले, कारण सराईत ते रोज पाय घेत होते. आता एक दिवस पाय, एक दिवस नुसतं फिरवणं आणि घासाची पेंडी, असं त्यांनी लावून घेतलंय.

माझा त्यांच्याशी वाद आहे तो पिछाडीचा. पुढून आगाडी, मागच्या पायांना पिछाडी, ही दख्खनची जुनी बांधणी. पागेत शेकडो घोडी एका रांगेत उभी करताना लाथाळी टाळायला ती हवीच होती. पण दोन-तीन घोड्यांच्या गोठ्यात रात्रभर मागचे पाय जखडून ठेवायचे आणि संध्याकाळी तेच पाय मोकळे करत बसायचं, याला अर्थ नाही. मोकळ्या वाड्यात फिरणारा, जमिनीवर मान घालून चरणारा घोडा निम्मं काम स्वतःच करतो. पिछाडी सोडायची तर आडवे बांबू घालून कुंपण करावं लागेल, जागा लागेल, आणि अकलूजच्या बाजारातून आणलेला नवा घोडा इतरांत मिसळेपर्यंत लक्ष ठेवावं लागेल. मामांनी सध्या म्हाताऱ्या घोडीची पिछाडी काढलीय. बाकीच्यांचं सराई संपल्यावर बघू म्हणतात.

एका बाबतीत दोघांचं एकमत आहे. पाय गरम लागतोय, सूज आहे, घोडा लंगडतोय किंवा कामानंतर पुठ्ठा दगडासारखा होऊन लघवी गडद झालीय, तर पायाला हात लावायचा नाही, फिरवायचंही नाही. आहे तिथं उभा करून पशुवैद्यकाला बोलवायचं, आणि त्या दिवशीची सुपारी परत करायची.