वळिवड्यातली पोलिश मुलं आणि परतीचा प्रश्न
उखडलेलं बालपण : लेखांक ५

युद्धानं घराबाहेर काढलेल्या मुलांबद्दल बोलताना आपण मोठी माणसं एक गोष्ट न तपासताच धरून चालतो. युद्ध संपलं की मूल घरी जाईल आणि घरी गेलं की सगळं पूर्ववत होईल. मागच्या लेखात आपण प्रत्यक्ष उखडलं जाण्याचा काळ पाहिला: मालगाडीचे डबे, उपासमार, ताटातूट. आज त्याच्या पुढच्या काळाविषयी एक मत मांडायचं आहे. मुलाला कुणाचं आणि कुठलं असल्यासारखं वाटेल, हे बहुतांशी लढाई थांबल्यावर ठरतं. त्यात जन्मगावापेक्षा त्याच्या आजूबाजूला कोणती माणसं टिकून राहिली याचा वाटा मोठा असतो. याची पारख करायला कोल्हापूरजवळचं वळिवडे उपयोगी पडतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती, आणि त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलं होती.

ही माणसं इथवर कशी आली, ते थोडक्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडच्या भागातून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार मोठ्या खेपांमध्ये लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात नेऊन टाकलं गेलं. मग हिटलर रशियावरच उलटला. पोलिश निर्वासित सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर या लोकांना ‘माफी’ मिळाली. गुन्हा काय होता, हे मात्र कुणी सांगितलं नाही. जनरल आंदेर्स यांच्या नव्या पोलिश सैन्याबरोबर १९४२ मध्ये लाखाहून अधिक लोक सोव्हिएत भूमीबाहेर पडले, बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात. पुढं मुलांची पांगापांग झाली. काही जामनगरजवळच्या बालाचडीला आली, काही टांगानिकातल्या तेंगेरूला, काही मेक्सिकोला गेली, सातशेहून अधिक न्यूझीलंडमधल्या पहियाटुआला पोचली. भारतातली सर्वांत मोठी वसाहत वळिवड्याची. १९४५ मध्ये युद्ध संपलं तेव्हा पोलंडचा नकाशाच पश्चिमेकडे सरकला होता. ज्या गावांतून ही मुलं उचलली गेली होती ती आता सोव्हिएत युक्रेन, बेलारूस किंवा लिथुआनियात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारची मान्यताही काढून घेतली. वळिवड्यातल्या मुलाला ‘घरी जा’ म्हणायचं, तर कुठल्या पत्त्यावर?

वसाहतीत काय होतं, ते जरा जवळून पाहू. लांबच लांब बराकी, चटयांच्या भिंती, वर कौलं. प्रत्येक कुटुंबाला खोल्या आणि पुढं ओटी. चर्च, दवाखाना, नाटकासाठी रंगमंच, दुकानं, प्राथमिक शाळांपासून माध्यमिकपर्यंतचं शिक्षण, आणि स्काउटची पथकं. शिक्षण पोलिशमधून. सैबेरियातून सुटलेली मुलं इराणमध्ये पोचली तेव्हा पोटभर जेवल्यावरही पावाचे तुकडे उशाखाली लपवून ठेवत, असं अनेक आठवणींत येतं. उद्या मिळेल याची खात्री नसलेल्या मुलाचं हे शहाणपणच होतं. ती सवय समजावून जात नाही, उद्याचं जेवण उद्या खरंच मिळालं आणि परवाही मिळालं तर जाते. वळिवड्यानं मुलांना दिली ती ही खात्री. सकाळी घंटा वाजते, त्याच बाई वर्गात येतात, शनिवारी स्काउटचा मेळावा होतो, नाताळला सगळी वसाहत एकत्र गाते. यातलं काहीच हृदयस्पर्शी म्हणून बातमीत छापण्यासारखं नाही. पण ‘मी इथला’ ही जाणीव अशा कंटाळवाण्या, ठरल्या वेळी होणाऱ्या गोष्टींतूनच रुजत असावी.

‘असावी’ म्हणून सोडून देणं बरं नाही. याला पुरावा आहे, आणि तो वळिवड्याबाहेरचा आहे. हान्स काइलसन हे जर्मनीत जन्मलेले ज्यू डॉक्टर आणि लेखक. नाझी राजवटीमुळे त्यांनी नेदरलँड्स गाठलं. त्यांचे आईवडील ऑशवित्झमध्ये मारले गेले. युद्धानंतर त्यांनी आईवडील गमावलेल्या ज्यू मुलांबरोबर काम केलं. ही मुलं छळछावणीतून वाचलेली किंवा परक्या घरांत लपवून वाढवलेली होती. त्यांच्यापैकी दोनशेहून अधिक जणांचा त्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला आणि १९७९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मुलांच्या आयुष्याचे तीन टप्पे पाडले: छळाची सुरुवात, प्रत्यक्ष छळ किंवा अज्ञातवास, आणि युद्धानंतरचं पालकत्व. दुसरा टप्पा फार भयंकर, पण तिसरा चांगला गेलेली मुलं, दुसरा त्यातल्या त्यात बरा आणि तिसरा वाईट गेलेल्या मुलांपेक्षा पुढं अधिक सावरलेली दिसली. म्हणजे शांततेच्या काळात मोठ्यांनी घेतलेले निर्णय युद्धाइतकेच, कधी युद्धापेक्षाही, खोल जातात. मूल एका घरातून काढून दुसऱ्या घरी देणं, त्याच्यासमोर त्याच्या धर्माचा आणि आडनावाचा वाद घालणं, त्याला बोलायचं असलेलं ऐकून न घेणं, हे सगळं त्या तिसऱ्या टप्प्यात येतं. याच्या आधी, युद्ध चालू असतानाच, मानसविश्लेषक आना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या बालगृहांत पाहिलं होतं की बाँबवर्षावापेक्षा आईपासून तुटणं लहान मुलांना जास्त मोडतं.

यावर पहिला आक्षेप रक्ताचा आणि राष्ट्राचा. मूल पोलिश आहे, तेव्हा ते पोलंडचं. नातेवाईक जिवंत असतील तर त्यांचा हक्क पहिला. हा आक्षेप केवळ राजकारण म्हणून उडवून लावता येत नाही. पोलंडनं युद्धात सुमारे ६० लाख नागरिक गमावले, आणि नाझींनी पोलिश मुलं पळवून त्यांना जर्मन बनवण्याची मोहीमच चालवली होती. आपली मुलं परत मागणाऱ्या देशामागं ही जखम होती. पण प्रत्यक्षात काय झालं? वॉर्सातल्या नव्या सरकारनं अनाथ मुलांवर हक्क सांगितला, आणि कम्युनिस्ट राजवटीत मुलं जाऊ नयेत म्हणून दुसरी बाजू तितक्याच हिरिरीनं उभी राहिली. बालाचडीच्या मुलांना वाचवण्यासाठी तिथले राजे जामसाहेब दिग्विजयसिंह आणि वसाहतीतले पाद्री यांनी कायदेशीर पालकत्व घेतल्याचं सांगितलं जातं. तेंगेरूहून शंभरावर मुलं १९४९ मध्ये इटलीमार्गे कॅनडाला नेली गेली, तेव्हा पोलंडनं आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेवर आणि चर्चवर थेट अपहरणाचा आरोप केला. दोन्ही बाजू मुलांच्या हिताच्या नावानं बोलत होत्या, आणि मूल कुणाचं हा प्रश्न दोघींनाही वाटणीच्या दाव्यासारखाच दिसत होता. माझं म्हणणं नातेवाइकांच्या विरुद्ध नाही. आई सापडली तर आईकडेच जावं. मात्र पाच वर्षांचं असताना उचललेलं आणि आता बारा वर्षांचं झालेलं मूल, कधी न पाहिलेल्या काकाकडे, ओळखीच्या शाळेपासून आणि मैत्रिणींपासून तोडून पाठवणं याला ‘परत जाणं’ म्हणणं ही मोठ्यांची सोय आहे. मुलाच्या लेखी ते दुसरं विस्थापन असतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. वळिवड्याच्या आठवणी लिहिल्या त्या म्हातारपणी, आणि ज्यांचं पुढं बरं चाललं त्यांनी. भारतात राहून गेलेल्या पोलिश लोकांची संघटना आहे, तिनं जाडजूड ग्रंथ काढला. त्यात वसाहत एखाद्या हरवलेल्या नंदनवनासारखी दिसली तर नवल नाही. हे मान्य करायलाच हवं, आणि म्हणून तुलनेसाठी फिनलंडकडे पाहावं लागतं. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ७० हजार फिनिश मुलं स्वीडनला पाठवली गेली. तिथं खाणं, घर, प्रेम सगळं होतं, पण बहुतेक मुलं अनोळखी कुटुंबांत गेली. अनेक लहान मुलं फिनिश विसरली, आणि परतल्यावर आईशी बोलायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मुलांची तुलना घरीच राहिलेल्या त्यांच्या सख्ख्या भावंडांशी केली गेली. मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण एकंदरीत वेगळं निघालं नाही. मुलींमध्ये मात्र नैराश्यासारख्या मनोवस्थेच्या आजारांचा धोका वाढलेला आढळला. हा निष्कर्ष माझ्या मताला पूर्ण सोयीचा नाही. दुहेरी ताटातुटीनं सगळ्यांचंच नुकसान व्हायला हवं होतं, तसं नोंदींत दिसत नाही. तरी रुग्णालयाची नोंदवही आजार मोजते. स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं बसलेलं मूल तिच्यात कुठं येणार? इतकं म्हणता येईल की विस्थापनानं मूल कायमचं मोडतंच, ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची असेल तर नंतरच्या काळात काय केलं जातं याला आणखी वजन येतं.

तिसरी गोष्ट आपल्याच अभिमानाला लागणारी आहे. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं आदरांजली वाहिली, आणि तेव्हापासून ‘कोल्हापूरनं पोलिश लेकरं सांभाळली’ हे वाक्य आपल्याकडे वारंवार ऐकू येतं. जागा आणि शेजार कोल्हापूरचा होता, हे खरं. पण खर्च मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारचा, शिक्षक पोलिश, अभ्यासक्रम पोलिश. मुलं मराठीत फारशी बुडाली नाहीत. त्यांचं जग कुंपणाच्या आत होतं. मग हे आपलेपण खोटं होतं का? मला उलट वाटतं. कोल्हापूरनं या मुलांकडून कोल्हापुरी व्हायची मागणी केली नाही, यातच त्याचं औदार्य होतं. मुलांना स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या माणसांत वाढता आलं, म्हणून १९४७-४८ मध्ये बहुतेकांना इंग्लंडला, काहींना ऑस्ट्रेलिया, कॅनडाला जावं लागलं तेव्हा ती एकेकटी गेली नाहीत. इंग्लंडमध्येही पहिली काही वर्षं लष्करी झोपड्यांच्या छावण्यांतच गेली, पण शेजारी ओळखीचे होते. आजच्या बालहक्क करारात, १९८९ च्या, मुलाचं संगोपन ठरवताना त्यातली अखंडता आणि त्याची भाषा-संस्कृती विचारात घ्या असं विसावं कलम सांगतं. वळिवड्यानं ते कलम लिहिलं जाण्याच्या चार दशकं आधी, योगायोगानं का होईना, पाळलं होतं.

वसाहत १९४८ मध्ये रिकामी झाली आणि त्याच बराकींत लगेच सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात आणि कोल्हापूर भागातले व्यापारी तिथं घाऊक कापड घ्यायला जातात. या सिंधी मुलांची अडचण पोलिश मुलांहून वेगळी होती. देश त्यांचाच होता, नागरिकत्वाचा वाद नव्हता, पण आपला म्हणावा असा प्रांत उरला नव्हता, आणि कुंपणही नव्हतं. भोवतीच्या मराठीत त्यांना पहिल्या दिवसापासून उतरावं लागलं. केवळ आपल्या लोकांत टिकून राहणं पुरतं का, की शेजाऱ्यांत मिसळावंच लागतं, याची पारख त्याच कौलांखाली करता येते. पुढच्या आठवड्यात गांधीनगर आणि उल्हासनगर.